बाइंडिंग झकास, तिसरं प्रकरण मात्र घेऊ नका

अमरावतीत विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टायपिंग-बाइंडिंगची जी दुकानं आहेत, त्यांतल्या एकाचा हा अनुभव. नाव लिहीत नाही. ज्या गोष्टीवर बोट ठेवणार आहे ती त्या एकट्या दुकानाची नाही. कुठल्याही विद्यापीठाच्या फाटकाबाहेर चौकशी करा, मिळेल. पाटीवर लिहिलंय: ‘मराठी-इंग्रजी टायपिंग, स्पायरल व हार्ड बाइंडिंग, प्रोजेक्ट व थिसिस वर्क, एसपीएसएस’. (शेवटचं म्हणजे आकडेवारीचं सॉफ्टवेअर.) पाटीवर नसलेली सेवा आत बसून चहा सांगून झाल्यावर कळते. प्रबंधाचं तिसरं प्रकरण, म्हणजे ‘संशोधन पद्धती’, तिथे तयार मिळतं. त्यात ‘संशोधनाची तात्त्विक भूमिका’ नावाची चार पानंही असतात, म्हणजे वास्तव कशाला म्हणायचं आणि ते कळतं कसं याबद्दल संशोधकाचं मत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. नोकरी सांभाळून पीएचडी चालली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या बायका हा विषय. या दुकानातून मी टायपिंग, डेटा एंट्री आणि बाइंडिंग करून घेतलं. तिसरं प्रकरण घेतलं नाही, पण नमुना म्हणून समोर ठेवलेलं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

आधी चांगलं सांगते. बाइंडिंगला तोड नाही. पानं नुसती डिंकाने चिकटवत नाहीत, शिवतात. मरून रेक्झिन, कोपरे नीट दुमडलेले. सोनेरी छपाईत बहुतेक ठिकाणी जोडाक्षरांची वाट लागते. ‘आत्महत्याग्रस्त’ हा शब्द कण्यावर आणायचा तर कारागिराचा कस लागतो. इथे ‘त्म’ आणि ‘ग्र’ दोन्ही शाबूत आले. टायपिंग करणाऱ्या ताईंचं अक्षर लावण्याचं कौशल्य मोठं आहे. गावोगावच्या मुलाखतींच्या माझ्या वह्या, पेन्सिलीने लिहिलेल्या, काही ओळी पावसाने पुसलेल्या. जिथे कळलं नाही तिथे त्यांनी मनाने शब्द घातला नाही, पिवळं करून ठेवलं. मुलाखतीतली वऱ्हाडीही ‘दुरुस्त’ केली नाही. ‘काहून’चं ‘का’ करून टाकणारे टायपिस्ट मी पाहिलेत, म्हणून याचं मोल मला जास्त वाटतं.

एक सावधगिरी. जुनी दुकानं अजून कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप करून देतात. युनिकोडचा आग्रह धरा. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर संगणकाला मराठी म्हणून दिसतच नाही, त्यामुळे इतरांच्या लेखनाशी साम्य तपासणारं सॉफ्टवेअर त्यात काही शोधू शकत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. अशा फाइलीत साम्य शून्य निघालं म्हणून काही जण खूश होतात. त्या शून्याला काही अर्थ नसतो.

आता डेटा एंट्री. खरं बोलणं इथून सुरू होतं.

मालक भाऊ स्वतः एसपीएसएस चालवतात. हात फार जलद. माझ्या मुलाखतीच्या प्रश्नसूचीत ‘मृत्यूचं कारण तुम्ही काय सांगाल?’ हा प्रश्न मोकळा होता. उत्तरं बायकांच्या शब्दांत उतरवलेली. भाऊंनी पहिली दहा-बारा पाहिली आणि कोडची यादी स्वतःच काढून दिली: १ कर्ज, २ नापिकी, ३ व्यसन, ४ आजारपण, ५ घरगुती वाद, ६ इतर. ‘मॅडम, एका रकान्यात एकच आकडा जाते. पहिलं जे बोलली ते टाकू नं?’

यादी कुठून आली विचारलं, तर याच विषयावरचे आधीचे दोन-तीन प्रबंध त्यांनी टाइप केलेले होते. त्या प्रबंधांत ती कुठून आली ते मला माहीत होतं. एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा, अपघाती मृत्यू व आत्महत्यांचा २०१४ किंवा २०१५ चा वार्षिक अहवाल उघडा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची जी कारणं तिथे छापली आहेत, त्यांची ही जवळजवळ नक्कल आहे. दिवाळखोरी-कर्ज, कौटुंबिक समस्या, पीक बुडणं, आजार, व्यसन. म्हणजे पोलीस ठाण्यात पंचनाम्यानंतर जो रकाना भरला जातो, तोच फिरत फिरत समाजशास्त्राच्या प्रबंधात येऊन बसलेला.

माझ्या वहीतलं एक उत्तर भाऊंना वाचून दाखवलं. तलाठी चौकशीला आला तेव्हा त्या बाई म्हणाल्या, सोसायटीचं कर्ज थकलं होतं. माहेरी भावाला म्हणाल्या, दारू वाढली होती, आदल्या रात्री त्यावरून भांडण झालं. आणि मला म्हणाल्या, पोरीच्या लग्नाची बोलणी मोडली त्या दिवसापासून ते वावरात जातच नव्हते. कुणाला काय सांगितलं हेही त्यांनीच मला सांगितलं, लपवलं काही नाही. आता टाका एक आकडा.

भाऊंनी १ टाकला, म्हणजे कर्ज. ‘तलाठ्याच्या कागदावर आहे ते पक्कं.’

हा आकडा टाकताना त्यांनी एक मोठा तात्त्विक निर्णय घेतला होता. त्यांना त्याचे पैसेही पडले नाहीत आणि मला ते बिलात लागलेही नाहीत, पण निर्णय झाला. या मृत्यूला एक कारण आहे, ते सांगणाऱ्यापासून वेगळं, बाहेर कुठेतरी पडलेलं आहे, आणि सरकारी कागद त्याच्या सर्वांत जवळ आहे, हे सगळं त्या १ च्या आत बसलंय. प्रत्यक्षार्थवादी (पॉझिटिव्हिस्ट) माणूस असंच काम करेल, आणि नीट करेल तर अजून मेहनतीने करेल: पासबुक पाहील, शेजाऱ्यांना विचारेल, डॉक्टरचा कागद मागेल, आणि तिघांतलं ‘खरं’ कारण शोधून बाकी दोन बाजूला ठेवेल. अन्वयार्थवाद्याला (इंटरप्रिटिव्हिस्टला) तिन्ही उत्तरं खरी. त्याला बघायचं असतं की बाई तलाठ्याशी कर्ज का बोलते, भावाशी दारू का, आणि परक्या बाईशी पोरीचं लग्न का. चिकित्सक परंपरेतला तिसरा माणूस वेगळंच विचारेल: कर्ज हाच शब्द उच्चारला तर पैसे मिळतात, हे ठरवलं कुणी?

तिघांचा एसपीएसएसमधला रकानाही सारखा असणार नाही. पहिल्याला एक आकडा पुरतो. दुसऱ्याला एका बाईच्या तीन ओळी लागतात, प्रत्येकीत ऐकणारा कोण ते नोंदलेलं. तिसऱ्याला शासन निर्णयाची तारीख लागते. म्हणून मला हसू येतं जेव्हा ‘तात्त्विक भूमिका’ सगळं झाल्यावर, बाइंडिंगच्या आदल्या आठवड्यात घालायची असते. तोवर ती ठरून गेलेली असते. प्रश्न लिहिला त्या दिवशीच बरीचशी, आणि उरलेली डेटा एंट्रीच्या टेबलावर.

तारखेचं म्हटलं, ते सांगूनच टाकते, कारण या विषयात ते सोडून पुढे जाता येत नाही. महाराष्ट्रात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला १ लाखाची मदत मिळते. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने निकष बसवून दिले. जमीन मेलेल्या शेतकऱ्याच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं आणि त्याचा तगादा असायला हवा. जिल्हाधिकाऱ्यांची समिती कागद बघून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवते. मक्त्याने दुसऱ्याचं वावर करणारा, परवाना नसलेल्या सावकाराकडून उचल घेतलेला, हे इथे अडकतात. आणि शेतात राबणारी बाई मेली तर बहुतेक वेळा ती ‘शेतकरी’ ठरतच नाही, कारण सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. देशात वहिवाटदार म्हणून नोंदलेल्यांत बायका २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार सुमारे १४ टक्के आहेत. वावरात किती दिसतात ते कुणीही जाऊन बघावं.

आमच्याकडचे बहुतेक प्रबंध नमुना कुठून काढतात? कचेरीतल्या पात्र यादीतून. सोयीची असते, नाव-गाव-तालुका सगळं तयार. पण त्या यादीतून कुटुंबं निवडली की ‘आत्महत्येचं मुख्य कारण कर्जबाजारीपणा’ हा निष्कर्ष निघणारच. ज्यांच्याकडे कर्जाचा कागद नव्हता ते यादीतच नाहीत. मी अपात्र प्रकरणंही घेतली. त्याने माझं काम थोर झालं असं नाही, फक्त उत्तर आधीच ठरलेलं राहिलं नाही.

सरकारी कागदावर किती विसंबायचं, हा वाद नवा नाही आणि आपल्याकडचाही नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १८९७ मध्ये आत्महत्येवर ग्रंथ लिहिला तो युरोपातल्या सरकारी आकड्यांवर. सामाजिक तथ्यांकडे वस्तू म्हणून बघा, हे त्याचं सूत्र; प्रोटेस्टंट आणि कॅथलिक प्रदेशांतले दर त्याने त्याच नजरेने तुलनेला घेतले. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या जॅक डग्लस या समाजशास्त्रज्ञाने त्यावर मूळ शंका काढली: एखादा मृत्यू ‘आत्महत्या’ आहे हे कुणीतरी अधिकारी ठरवतो, घरचे त्याला काही सांगतात, काही दडवतात, मग त्या आकड्यांत समाज दिसतो की अधिकाऱ्यांची ठरवण्याची रीत दिसते? आम्ही एम.ए.ला दोघांची नावं पाठ करतो, पाच-पाच मार्कांसाठी. तलाठी आणि डग्लस यांची गाठ मात्र कुणी घालून देत नाही. एनसीआरबीचंच घ्या. २०१३ च्या अहवालात शेतीत स्वयंरोजगार असलेल्यांच्या ११,७७२ आत्महत्या होत्या. २०१४ मध्ये रकाने बदलले, शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजले, आणि शेतकऱ्यांचा आकडा ५,६५० झाला, शेतमजुरांचा ६,७१०. वर्षभरात गावात काही एवढं पालटलं नव्हतं.

म्हणून मोजणीच टाकून द्या, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतून श्रीजित मिश्रा यांनी २००६ मध्ये महाराष्ट्राच्या शेतकरी आत्महत्यांवर अहवाल दिला. पुरुष शेतकऱ्यांमधलं आत्महत्येचं प्रमाण १९९५ मध्ये लाखामागे १५ होतं, ते २००४ मध्ये ५७ वर गेलं, हे त्यांनी दाखवलं. वर्धा, वाशीम, यवतमाळ या जिल्ह्यांत आत्महत्या झालेली घरं आणि तशाच परिस्थितीतली न झालेली घरं शेजारी ठेवून तुलना केली. १५ वरून ५७ ही गोष्ट माझ्या मुलाखतीतली कुठलीच बाई सांगू शकली नसती. ती तिच्या ओसरीवरून दिसत नाही. आणि हे आकडेही त्याच पोलीस नोंदींवर उभे आहेत, हे डग्लसने कान धरून सांगितलंच असतं. तरी मला ते आकडे हवेत.

माझं म्हणाल तर मी मधली वाट धरली आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ रॉय भास्करने १९७० च्या दशकात मांडलेल्या चिकित्सक वास्तववादाच्या जवळची. कर्ज होतं, पासबुक मी पाहिलंय. कपाशी गेली हेही खरं. कुणी बोललं नाही म्हणून या गोष्टी नाहीशा होत नाहीत. पण कर्जापासून त्या पहाटेपर्यंतची वाट पासबुकात लिहिलेली नसते, आणि ती समजून घ्यायला माझ्याकडे त्या बाईच्या शब्दांपलीकडे काही नाही. हे भाऊंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तोडगा काढला: प्रत्येक कारणाचा वेगळा रकाना, हो किंवा नाही, आणि ‘कुणाला सांगितलं’ हा आणखी एक. ‘काम होते मॅडम, पण व्हेरिएबल वाढतेत, रेट बदलन.’ बदलला. त्या पैशांबद्दल तक्रार नाही.

गप्प राहिलेल्या बायकांचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. भाऊंच्या पद्धतीत उत्तर नसलं की ९९, म्हणजे माहिती नाही, आणि गणितातून बाद. सासरा खाटेवर बसलेला असताना सून गप्प राहते, तिला मी ‘माहिती नाही’ कशी म्हणू? तिच्या गप्प राहण्यात बरीच माहिती आहे. ९८ नावाचा वेगळा कोड करून घेतला, ‘उत्तर दिलं नाही, घरचं माणूस हजर’. सॉफ्टवेअरला फरक पडत नाही. तक्त्यात तो रकाना छापलेला बघून माझ्या मार्गदर्शकांनी भुवया उंचावल्या, पण कापला नाही.

आता तयार प्रकरणाकडे येते, कारण अनेकांना तेच हवं असतं. दर ठरलेला, दोन दिवसांत मिळतं. भाऊ विचारतात, ‘पॉझिटिव्हिझम टाकू, इंटरप्रिटिव्हिझम, का प्रॅग्मॅटिझम?’ हे ते गमतीने विचारत नाहीत. नमुन्याच्या पहिल्या पानावर ती प्रसिद्ध कांद्याची आकृती, रंगीत. सगळ्यांत बाहेरच्या पापुद्र्यावर तत्त्वज्ञान, आत पद्धती, गाभ्यात डेटा. आकृती मूळची व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकातली. ती तिथून उचलून शेतीवरच्या प्रबंधात आणताना तिच्याखाली ‘ग्राहकांचे समाधान’ ही ओळ तशीच राहिली होती. एका पानावर ‘वास्तव हे एकमेव व वस्तुनिष्ठ असते’, पान उलटलं की ‘वास्तव हे बहुविध व व्यक्तिसापेक्ष असते’. दोन प्रबंधांतले परिच्छेद शिवलेले; टाके बाइंडिंगइतके सफाईदार नाहीत. मूल्यांबद्दलच्या परिच्छेदात ‘संशोधक पूर्णपणे तटस्थ होता’ असं आहे. होता. बाई संशोधक असेल तरी होताच.

सगळ्यांत खप प्रॅग्मॅटिझमचा आहे म्हणे. प्रश्नावली आणि मुलाखती दोन्ही असल्या की तो टाकायचा, मग कुणी काही विचारत नाही. याचा मला थोडा रागच आला. ही अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंची परंपरा. कोलंबिया विद्यापीठात त्यांच्या वर्गात बाबासाहेब बसलेले. विचार कृतीत उतरवून, अनुभवावर घासून, लागेल तिथे बदलून पाहायचा, इतकी कडक शिस्त त्यात आहे. तिचा अर्थ विद्यापीठ रोडवर ‘दोन्ही चालते’ एवढाच उरलाय.

दोष सगळा भाऊंच्या माथी मारणं मला पटत नाही. यूजीसीने २००९ पासून पीएचडीला कोर्सवर्क सक्तीचं केलं, त्यात संशोधन पद्धती अनिवार्य. आमच्या कोर्सवर्कला सत्तामीमांसा, ज्ञानमीमांसा, मूल्यमीमांसा (काय आहे, ते कळतं कसं, आणि त्यात आपली मूल्यं कुठे येतात) हे तीन शब्द फळ्यावर लिहून झाले, व्याख्या उतरवून घेतल्या आणि लगेच नमुना निवडीचे प्रकार सुरू झाले. पात्र-अपात्रचा कागद, एनसीआरबीचा तक्ता, कृषिगणना, असं काही त्या तासाला समोर ठेवलं असतं तर ते तीन शब्द कामाला आले असते. परीक्षकाला तो मथळा दिसायला हवा, विद्यार्थ्याला तो कुठून आणायचा ते कळत नाही, आणि भाऊ दोघांच्या मध्ये काउंटर टाकून बसलेत. मागणी कुणी तयार केली ते उघड आहे.

दुकानाच्या बाजूने एक सुचवणं आहे. ग्राहक डेटा एंट्रीला आला की भाऊंनी कोड काढण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: नमुन्याची यादी कुठून घेतली, उत्तर देताना घरात कोण होतं, आणि एकाच माणसाने दोन उत्तरं दिली तर काय करायचं. ते विचारतील, हुशार आहेत, आणि रकाना वाढला की त्यांचेही पैसे वाढतात.

दर: मराठी टायपिंग पानाला २५ रुपये, तक्ता असेल तर ४०. डेटा एंट्री रकान्यांवर ठरते, घासाघीस चालते. हार्ड बाइंडिंग प्रतीला ३५०, सोनेरी अक्षरं त्यात धरलेली नाहीत, आधी विचारून घ्या. बाइंडिंगला पाचपैकी पाच, टायपिंगला साडेचार, एसपीएसएसला साडेतीन, तेही तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसणार असाल तर. तिसऱ्या प्रकरणाला तारे देत नाही. मार्च-एप्रिलमध्ये एम.ए., एम.बी.ए.च्या प्रोजेक्टवाल्यांची झुंबड असते, त्या दिवसांत ताई पिवळं करायच्या थांबतात. तेव्हा जाऊ नका. पेनड्राइव्ह तिथल्या संगणकाला लावण्याआधी फाइलची एक प्रत स्वतःला मेल करून ठेवा.